पिवळा बोल्ट : गोव्यातल्या घरगुती प्लेटिंगमागची पार्श्वभूमी

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला की गोव्यातल्या जुन्या गाड्यांवरची ताडपत्री निघते. बॉनेट उघडतं आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो. इंजिनाबद्दल फारसं दुमत नसतं. वाद असतो बोल्टांचा. ते पिवळे हवेत की पांढरे? मुळात काय होते? आणि आपण घरी बादलीत चढवलेलं जस्त त्या जागी चालेल का? हा वाद समजायचा तर दोन गोष्टी माहीत हव्यात. प्लेटिंगसारखं कारखान्यातलं काम आपल्या पडवीत कसं आलं ही एक, आणि ‘कॅडमियम’ (जस्तासारखाच दिसणारा, पण विषारी धातू) या एका शब्दाने किती वर्षं घोळ घातला ही दुसरी. दुसरी जास्त महत्त्वाची आहे, म्हणून तिला इथे जागाही जास्त दिली आहे.

धातूवर धातूचं पाणी चढवणं आपल्याला नवं नाही. कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्याला कथील लावत असे, सोनार पाऱ्यात कालवलेलं सोनं चांदीवर थापून, पारा उडवून मुलामा देत असे. विजेच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा इटलीत १८०५ साली दिला गेला. १८४० मध्ये बर्मिंगहॅमला सायनाइडच्या द्रावणाचं पेटंट निघालं आणि तो धंदा झाला. मोटारीच्या इतिहासात त्यानंतरचे टप्पे जवळजवळ येतात. निकेलसाठी आजही वापरात असलेलं द्रावण १९१६ चं. कॅडमियमचं प्लेटिंग पहिल्या महायुद्धानंतर लगेच बाजारात आलं. चकचकीत क्रोम १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत साधलं आणि दोन-तीन वर्षांत रेडिएटरच्या कडांवर दिसू लागलं. त्याआधीच्या गाडीवर क्रोम दिसलं तर ते नंतर कोणीतरी केलेलं, तिथे निकेलच हवं. आणि १९३६ मध्ये जस्तावर पिवळसर क्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या संयुगाचा, थर देण्याची पद्धत आली. आपल्या वादाचं मूळ या शेवटच्या तारखेत आहे.

गोव्यात या सगळ्याला वेगळं वळण मिळालं ते १९ डिसेंबर १९६१ नंतर. त्याआधी मुरगाव बंदरातून ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज, ऑस्टिन, फियाट अशा गाड्या थेट उतरत. भारतात त्याच काळात आयातीवर कडक बंधनं होती. मुक्तीनंतर तीच बंधनं इथेही लागू झाली. गाड्या राहिल्या, त्यांचे सुटे भाग येणं थांबलं. पुढची तीस वर्षं, म्हणजे १९९१ पर्यंत, गोव्यातल्या परदेशी गाडीचा बोल्ट हा फेकायचा जिन्नस नव्हता. गंजलेला बोल्ट घासलेटात भिजवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, वर चंदेरी रंगाचा हात मारायचा आणि परत लावायचा. आजही एखाद्या जुन्या ओपेलचं बॉनेट उघडलं की त्या चंदेरी रंगाचे तीन-चार थर सापडतात आणि त्याखाली मूळ बोल्ट जिवंत असतो. डोक्यावर त्या काळच्या कारखान्याची खूण असते. हार्डवेअरच्या दुकानात आज मिळणारा नवा बोल्ट मापाला बसेल, पण ती खूण त्याच्यावर नसेल. प्लेटिंगची गरज इथून सुरू होते. बोल्ट बदलायचा नाही म्हणून तो पुन्हा मढवायचा.

पद्मिनी आणि अँबॅसडरवाल्यांचं दुखणं थोडं निराळं. त्यांचे भाग मिळत राहिले, मग मिळेनासे झाले. पद्मिनीचं उत्पादन शतकाच्या वळणावर थांबलं, अँबॅसडरचं २०१४ मध्ये. कार्ब्युरेटरच्या दांड्या, बॉनेटची खिटी, दाराचा स्ट्रायकर, हॉर्नची पट्टी, ब्रेकच्या नळीच्या क्लिपा असे तळहातात मावणारे भाग एकदम मोलाचे झाले.

कारखान्यात देऊन प्लेटिंग करून घेण्याचा मार्ग होताच, आजही आहे. अनमोड किंवा चोर्ला घाट चढून बेळगाव, नाहीतर पुढे कोल्हापूर. पण तिथलं काम बॅरलमध्ये चालतं. हजारो एकसारखे बोल्ट फिरत्या पिंपात एकाच वेळी. त्यात आपले साठ बोल्ट टाकले की परत येताना चोपन्न येतात आणि त्यांतले चार दुसऱ्याचे असतात. माझ्या एका गाडीच्या गिअरबॉक्सचे दोन लांब स्टड असेच गेले, आणि तसे स्टड मला पुन्हा मिळाले नाहीत. यात कारखान्याची चूक काढण्यात अर्थ नाही. त्यांची व्यवस्था किलोवर चालते, आपली नगावर. मात्र घरी प्लेटिंग करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या हरवलेल्या भागापासून झालेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत घाटच बंद झाले, तेव्हा उरलेल्यांनीही बादली मांडली.

बादलीतलं द्रावण मात्र एका दिवसात आलेलं नाही. आधी पांढरा विनागर आणि एप्सम सॉल्ट. विनागरात जस्ताची पट्टी विरघळत ठेवायची आणि त्यातच बोल्ट टांगून, चार्जरची वीज सोडून प्लेटिंग करायचं. काहींनी माडाच्या सुरेचा घरचा विनागर वापरून पाहिला. त्यात गाळ आणि साखरेचा अंश राहतो, थर काळपट येतो. जेवणातच तो बरा. या पद्धतीने येणारा थर मुळातच राखाडी, मऊ असतो. कारखान्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत सायनाइड सोडून क्लोराइडचं द्रावण धरलं होतं. झिंक क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि बोरिक ऍसिड, पीएच (आम्लतेचं माप) ५ ते ५.५ च्या आसपास. घरगुती प्लेटिंगही उशिरा का होईना तिथेच आलं. त्यातले दोन पदार्थ गोव्यात अनोळखी नव्हते. बोरिक पावडर म्हणजे कॅरम बोर्डावर भुरभुरायची पूड. आणि पोटॅशियम क्लोराइड म्हणजे माडांना घालायचं म्युरेट ऑफ पोटॅश. फक्त खताच्या दुकानातलं लालसर पोटॅश घेऊ नये, त्या लालीत लोहाचा अंश असतो आणि तो द्रावण नासवतो. पांढरं मिळालं तर बघावं, नाहीतर प्रयोगशाळेचं.

जस्ताच्या पट्टीची गोष्ट याहून गंभीर आहे. मांडवी-जुवारीत चालणाऱ्या बार्जेसच्या आणि ट्रॉलरच्या तळाला गंजापासून वाचवण्यासाठी जस्ताचे ठोकळे लावतात. अर्धवट झिजलेले ठोकळे भंगारात स्वस्त मिळतात, म्हणून आपल्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं तेच बादलीत टांगले. पण समुद्राच्या कामासाठी बनवलेल्या या जस्तात मुद्दाम थोडं ऍल्युमिनियम आणि थोडं कॅडमियम मिसळलेलं असतं, म्हणजे ठोकळा एकसारखा झिजत राहतो. कॅडमियम नको म्हणून जस्त निवडलेल्या माणसाच्या द्रावणातही ते या वाटेने उतरतं. प्रमाण अगदी कमी, पण द्रावण वर्षभर वापरलं की ते साचतं. शुद्ध जस्ताचा पत्रा घ्यावा. फरक काहीशे रुपयांचा आहे.

आता तो शब्द.

गॅरेजमध्ये, रॅलीत, भंगारवाल्याकडे सोनेरी-पिवळ्या, तिरप्या उजेडात हिरवट-गुलाबी झाक मारणाऱ्या कुठल्याही बोल्टाला ‘कॅडमियमचा’ म्हणतात. ‘हा ओरिजिनल कॅडमियम आहे’ असं म्हटलं की बोल्टाचा भावही चढतो. पण पिवळा रंग ना कॅडमियमचा आहे ना जस्ताचा. नुसतं कॅडमियम रुपेरी-पांढरं दिसतं, बोटाला किंचित निसरडं लागतं. नुसतं जस्त निळसर-पांढरं. पिवळेपणा येतो तो वरच्या क्रोमेटच्या थरातून, आणि क्रोमेट दोन्ही धातूंवर देता येतं. म्हणजे रंग पाहून खालचा धातू ओळखता येत नाही. ज्याला आपण ‘पिवळं कॅडमियम’ म्हणत आलो ते पुष्कळदा पिवळं जस्त असतं, आणि जो पांढरा बोल्ट साधा समजून बाजूला टाकला तो खरोखरच कॅडमियमचा असू शकतो.

घोळ इथेच थांबत नाही. जस्ताच्या कामाला आपल्याकडे सरसकट ‘गॅल्व्हनाइज’ म्हणतात. खरं गॅल्व्हनाइझिंग म्हणजे वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवणं, ज्याचं पेटंट १८३७ मध्ये फ्रान्समध्ये निघालं. त्याचा थर इतका जाड असतो की नेहमीच्या नटाचा आटा त्यावर फिरतच नाही. छपराचे पत्रे, विहिरीचे पाइप, कुंपणाच्या तारा यांना ते योग्य. गाडीच्या बोल्टावर असतं ते विजेने चढवलेलं पातळ जस्त. तेव्हा ‘गॅल्व्हनाइज करून दे’ असं सांगून काम दिलं आणि बोल्ट जाडजूड होऊन आले, तर दोष शब्दाचा.

कुठल्या गाडीवर मुळात काय होतं, याला एकच उत्तर नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासून कॅडमियम अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांवर भरपूर वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात ते विमानांसाठी राखलं गेलं, गाड्यांना जस्त मिळालं. नंतर दोन्ही चालू राहिली, काही भागांवर नुसतं काळं फॉस्फेट. एकाच गाडीवर, एकाच वर्षात, तीन पुरवठादारांचे तीन प्रकारचे बोल्ट असणं स्वाभाविक होतं. त्यामुळे ‘या मॉडेलला कॅडमियमच’ असं ठामपणे सांगणाऱ्याला मी इतकंच विचारतो : सगळ्या बोल्टांना? ओळखण्याची एक साधी खूण आहे. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ऍसिडचा थेंब टाकला तर जस्त लगेच फसफसतं, कॅडमियम जवळजवळ गप्प राहतं. ही चाचणी उघड्यावर, हातमोजे घालून, एकाच निकामी बोल्टावर करावी.

आणि एक गोष्ट कधीही करू नये : अडकलेला जुना पिवळा किंवा पांढरा बोल्ट गॅसच्या ज्योतीने लाल करणं. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ ला उकळतं. त्याचा धूर डोळ्यांना फारसा झोंबत नाही, म्हणून माणूस बाजूला होत नाही, आणि काही तासांनी, कधी रात्री, छाती भरून येते. जपानच्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून वाहून आलेल्या कॅडमियमने भातशेतीवर जगणाऱ्या बायकांची हाडं ठिसूळ केली. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने ते कारण अधिकृतपणे मान्य केलं. खाणीच्या पाण्याने भातशेती नासणं म्हणजे काय हे डिचोली-सत्तरीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. स्वीडनने १९८२ मध्ये कॅडमियम प्लेटिंगवर निर्बंध आणले, पुढच्या दशकात युरोपभर त्याचा वापर आवळला गेला आणि नव्या गाड्यांतून ते निघून गेलं. विमानांच्या काही बोल्टांवर ते अजून आहे, कारण तिथे पर्याय शोधणं कठीण गेलं.

मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांचा मुद्दा इथे प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. खाऱ्या हवेत कॅडमियम जस्तापेक्षा खरोखर जास्त टिकतं. लोखंडाच्या विद्युत-पातळीच्या ते जवळ आहे, त्यामुळे लोखंडासाठी झिजताना सावकाश झिजतं. जस्त घाईने झिजतं आणि पांढरी भुकटी सोडतं. कारखान्यांच्या धुराच्या हवेत जस्त वरचढ, समुद्रकाठी कॅडमियम वरचढ, हे जुनं निरीक्षण आहे. आणि गोवा समुद्रकाठीच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, जून ते सप्टेंबर भिजलेली हवा, किनाऱ्यालगत मीठ. गंजाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत अगदी तीव्र गटात मोडणाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं.

मग जस्ताचा थर जाड का करू नये? कारण आटे आड येतात. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर बसतो, त्यामुळे थराची जाडी मोजमापात चौपट होते. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टावर कारखान्याने सोडलेली सैल जागा २८ मायक्रॉनची असते. चाराने भागा : सात मायक्रॉन. त्याहून फार वर गेलं की नट हाताने फिरत नाही. फॅराडेच्या नियमाने हिशेब केला तर चौरस डेसिमीटरला एक अँपिअर दिल्यावर तासाला साधारण १७ मायक्रॉन जस्त बसतं, म्हणजे सात मायक्रॉनला पंचवीस मिनिटं. असे दहा आखूड बोल्ट मिळून पृष्ठभाग दीड चौरस डेसिमीटरच्या आसपास राहतो, म्हणून दीड अँपिअर पुरतो. चार्जर नवा म्हणून पाच अँपिअर सोडले तर कडांना काळी, भाजल्यासारखी खर येते आणि आट्यांच्या खोबणीत काहीच जात नाही. घरी केलेलं बहुतेक बिघडलेलं काम या घाईतलं आहे.

सात मायक्रॉन जस्त आणि किनाऱ्यावर वर्षाला चार ते आठ मायक्रॉनची झीज. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पिवळ्या थराचं महत्त्व कळतं. तो शोभेचा नाही. जस्ताला आणि मिठाला एकमेकांपासून दूर ठेवण्याचं काम तोच करतो, आणि तो नसलेला नुसता जस्ताचा बोल्ट कळंगुटच्या हवेत एका पावसाळ्यात पांढरा पडतो.

पण जुना पिवळा थर हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा होता, आणि ते कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. युरोपने २००० मध्ये भंगारात जाणाऱ्या गाड्यांबद्दल कायदा केला आणि १ जुलै २००७ पासून नव्या गाड्यांवरचे हेक्झा थर बंद झाले. त्याच्या तयारीत, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा जाड थर विकसित झाला. तो तितका गडद पिवळा नसतो, मूळ रंग फिकट, हिरवट-गुलाबी झाकेचा. पिवळेपणा हवा तर रंग मिसळावा लागतो. यावरूनच आपल्यातले काही म्हणतात की तो ‘खोटा पिवळा’ आहे. मला हे पटत नाही. हेक्झाचा एक गुण मोठा, ओरखडा पडला तर तो आपोआप थोडाफार भरून येतो. पण तोच थर साठ-सत्तर अंशांच्या वर कोरडा पडून तडकतो आणि त्याची राखण संपते. एक्झॉस्टजवळच्या बोल्टावर तो पहिल्या लांबच्या प्रवासातच गळाठतो. ट्राय उष्णता सोसतो. इंजिनाच्या खोलीत, जिथे आपण सगळे डोकावतो, तिथे नवा थर जुन्यापेक्षा सरस आहे.

२०२१ च्या जुलैत देशभर पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम आला, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी असं म्हटलं आहे. तेवढ्यावरून कॅडमियमचा आग्रह पुन्हा डोकं वर काढू लागला, ‘उद्या तपासणीत बोल्ट पाहिले तर?’ नियमाचा रोख चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरफारांवर आहे. बोल्टावर कुठला थर आहे हे त्यात नाही. ही धास्ती कोणी पसरवली माहीत नाही, पण तिच्यामुळे एकाने प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून डायक्रोमेटची, म्हणजे त्याच हेक्झा क्रोमियमची, बाटली आणून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवल्याचं मी पाहिलं आहे. नारिंगी स्फटिक, शेजारी मिठाची बरणी.

माझा पक्ष या जागी लपवण्यासारखा नाही. आमच्या घराच्या मागे विहीर आहे, बादली ठेवतो त्या पडवीपासून चाळीस पावलांवर. खाली जांभा आहे, भोकाभोकांचा. अंगणात ओतलेलं पाणी जांभ्यातून विहिरीपर्यंत जायला एक पावसाळा पुरतो. कारखान्याने बाहेर सोडायच्या पाण्यात हेक्झा क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, जस्त ५ मिलिग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा आहे, आणि ती पाळायला त्यांच्याकडे टाक्या, गाळण्या, तपासनीस असतात. घरी आपणच सगळं. चमचाभर डायक्रोमेट म्हणजे काही ग्रॅम क्रोमियम, आणि ते त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला हजारो लिटर पाणी लागेल. विहिरीत तेवढं असतंच असं नाही.

जस्ताचं धुवण मात्र घरी सावरता येतं. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पीएच ९ च्या थोडं वर न्यायचा, जस्त पांढरा गाळ होऊन खाली बसतं. अकराच्या पुढे गेलं तर तेच जस्त पुन्हा विरघळतं, म्हणून पीएचच्या कागदी पट्टीने मोजत घालायचं. गाळ फडक्यातून गाळून, वाळवून, झाकणाच्या डब्यात. तो डबा कचऱ्याच्या गाडीत द्यायचा नाही. माझ्याकडे सहा वर्षांचा गाळ दोन किलोच्या डब्यात अजून मावतो आहे.

काही भाग घरी करायचेच नाहीत, यावर सुदैवाने वाद नाही. १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेले बोल्ट, स्प्रिंगा, स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे भाग. ऍसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कणखर बोल्ट बाहेरून चकचकीत राहून आतून ठिसूळ होतो. तो काढायला चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजावं लागतं, आणि घरातल्या भट्टीत ते तापमान धरून ठेवण्याची खात्री देता येत नाही. दारांच्या मुठीही नकोत. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात, ऍसिडमध्ये त्या स्वतःच विरघळू लागतात, आणि त्यांना आधी सायनाइडमधून तांब्याचा थर द्यावा लागतो. त्यांच्यासाठी घाट चढावाच.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मिरामारजवळच्या एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सहा बोल्ट तारेला टांगले. दोन नुसत्या जस्ताचे, दोन ट्रायचे, दोन एका मोडीत निघालेल्या ऑस्टिनवरचे जुने, थेंबाच्या चाचणीत गप्प राहिलेले. नुसतं जस्त पहिल्या ऑगस्टमध्ये पांढरं झालं, दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस. ट्रायच्या बोल्टांची डोकी अजून स्वच्छ आहेत, आट्यांच्या टोकांवर पांढरी भुकटी दिसू लागली आहे. त्यांतल्या एकाला मेण लावलं होतं, त्याच्यावर ती नाही. ऑस्टिनचे दोन्ही बोल्ट जसे टांगले तसेच आहेत. तार तिथेच ठेवली आहे.